आबाजी आणि पोट्टे एकाच कामाला लावा: आपल्या मोहल्ल्याचा वारसा दोघांनी मिळून कसा जपायचा

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचा मान ठेवायची एक ठरलेली पद्धत आहे, गणपतीत नाहीतर कॉलनीच्या प्रोग्रामात चार जणांना स्टेजवर बसवायचं, शाल-नारळ द्यायचं आणि माईक पुढे करून म्हणायचं काका दोन शब्द बोला. काका मनापासून बोलतात पण समोरच्या पोट्ट्यांना त्यातलं काही पकडता येत नाही, कारण त्यांच्याकडे ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं. मग घरी गेल्यावर म्हातारे म्हणतात आजकालच्या पोरांना कशाची आवडच नाही आणि पोरं म्हणतात आबाजी तेच तेच सांगून राहिले. दोघंही खरं बोलतात आणि दोघांचंही नुकसान होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांना एकत्र बसवू नका, दोघांना एकत्र कामाला लावा. आणि काम असं निवडा की ते एकट्या आबाजीला होणार नाही आणि एकट्या पोट्ट्यालाही होणार नाही. एकाला माहिती आहे पण गुडघे साथ देत नाहीत, मोबाईल चालवता येत नाही, दुसऱ्याकडे पाय आहेत, मोबाईल आहे पण कुठे काय होतं हे माहीत नाही. आमच्याकडे नागपूरच्या इतवारी-महाल भागात असे उद्योग करताना जे जे कामाचं वाटलं ते इथे लिहून ठेवतो, तुमची वस्ती धरमपेठेत असो, जरीपटक्यात असो की इंदोऱ्यात, थोडा फेरफार करून चालेल.

सुरुवात सणापासून करा, मुलाखतीपासून नको. नागपूरला यासाठी तान्ह्या पोळ्यासारखा दिवस नाही. आदल्या दिवशी अमावस्येला मोठा पोळा, दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीची, म्हणजे पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्याची, मिरवणूक आणि संध्याकाळी लहान पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, म्हणजे एकाच दिवसात दोन मोठ्या गोष्टी, आणि दोन्ही भोसलेकाळाशी, इंग्रजांच्या काळाशी जोडलेल्या. आता तान्ह्या पोळ्यात बहुतेक ठिकाणी काय होते, पोरं बैल सजवून आणतात, फोटो निघतात, बक्षीस वाटतात, संपलं. यात झडत्या कुठे गेल्या? पोळा फुटायच्या आधी तोरणाखाली बैल उभे असताना जे म्हणायचे, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" असं ज्याच्या शेवटी सगळे मिळून ओरडायचे, त्या तालात म्हणायच्या कवितांसारख्या झडत्या. खेड्यातून नागपूरला आलेल्या कितीतरी आबाजींना अजून पाच-सात झडत्या सहज येतात, त्यात देवाची असते तशी पावसाची, भावाची, सावकाराची, सरकारची पण असते, आणि त्या विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

तर पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी हे करा. मोहल्ल्यात कोणाकोणाला झडत्या येतात ते शोधायला पोरांनाच पाठवा, घरोघरी, मोठ्या माणसानं लिस्ट करून देऊ नये. पोरं दार वाजवून विचारतील तेव्हाच आजी आतून आबाजीला आवाज देते ना, तिथूनच ओळख सुरू होते. प्रत्येक पोरानं एका माणसाकडून एक झडती पाठ करायची, लिहून नाही तर तोंडानं, कारण तिची चाल कागदावर उतरत नाही. मग पोरांना सांगा की आता एक नवीन झडती करा, आपल्या मोहल्ल्यावर, नळाला पाणी येत नाही त्यावर, मेट्रोवर, शाळेवर, काहीही, पण आबाजींनी पास केल्याशिवाय ती तोरणाखाली म्हणायची नाही. ही पास करायची अट फार महत्त्वाची आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या हातात खरोखरचा अधिकार येतो, नुसता मान नाही. ठेका बसत नसेल तर ते चार वेळा म्हणायला लावतात आणि पोरं लावू देतात, कारण बक्षिसापेक्षा सगळ्यांसमोर झडती फसू नये याची काळजी त्यांना जास्त असते. बैल दारोदार नेल्यावर जो बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो तो पण जमलं तर ज्याच्याकडून झडती शिकला त्याच्या घरापासून सुरू करा.

मारबतीचं पण तसंच. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात, दोघींच्या भेटीला होणारी गर्दी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पण पोरांना हातानं काही करायचं असेल तर बडग्या, म्हणजे मारबतीसोबत मिरवणुकीत नेतात तो पुतळा, करा. बडग्याला बांबूच्या कामट्या, गवत, रद्दी, जुने कपडे, सुतळी एवढंच लागते, आणि कामट्या कशा बांधायच्या म्हणजे खांद्यावर नेताना सांगाडा वाकत नाही हे मोहल्ल्यातल्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. यंदाचा बडग्या कशाचा करायचा हे मात्र पोरांना ठरवू द्या. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडताना मोहल्ल्यातली कोणती पीडा जावी असं त्यांना वाटते ते म्हाताऱ्यांनी पण ऐकलं पाहिजे. आमच्याकडे पोरांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विषय घेतला तेव्हा आबाजी लोकांनी त्यांच्या तरुणपणी कशाकशाचे बडग्या निघायचे ते सांगायला सुरुवात केली आणि काम बाजूला ठेवून पोरं ऐकत बसली, हे कोणी ठरवून केलं नव्हतं.

पोरींसाठी म्हणून वेगळं काढायची गरज नाही पण भुलाबाई सोडू नका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची, डबा हलवून आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. फ्लॅटमध्ये हे जवळपास बंदच पडलं आहे. पूर्ण महिना जमत नसेल तर आठवड्यातून एक दिवस एका घरी करा, गाणी आजीची आणि खिरापत पोरांनी मिळून करायची, मुलगे पण बसू द्या, त्यांना डबा ओळखायला लय आवडते.

सण झाला की मग फिरायचं काम घ्या. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच घ्या, उन्हाळ्यात आपल्या नागपुरात म्हाताऱ्या माणसाला सकाळी नऊनंतर बाहेर काढणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणं आहे. रूट छोटा ठेवा. गांधी गेटपासून शुक्रवारी तलावाच्या काठापर्यंत, एवढंच पुरते. त्या गांधी गेटला आबाजी जुम्मा दरवाजा म्हणतील आणि तलावाला जुम्मा तलाव, बोर्डावर गांधीसागर लिहिलेलं असेल, पोरांच्या मॅपमध्ये तिसरंच काही. दोन्ही गोंड राजा चांद सुलतानच्या काळातले, त्याचे वडील बख्त बुलंद शाह यांनी 1702 मध्ये हे शहर वसवलं. ही गोष्ट पोरांना तिथेच, दरवाज्याखाली उभं राहून सांगा कारण बहुतेकांच्या डोक्यात नागपूर म्हणजे भोसले आणि संत्री इथूनच सुरू होते, गोंड राजांचं नाव कोणी घेत नाही आणि ते घेतलंच पाहिजे.

चालताना पोरांकडे एक कोरा कागद असू द्या, छापील नकाशा नको. आबाजी सांगतील इथे पिठाची गिरणी होती, इथे टांग्याचा स्टँड, इथली विहीर बुजवली, इथे आमचे मास्तर राहायचे, ते पोरांनी जागेवर काढत जायचं. घरी येऊन मोबाईलच्या मॅपवर ते ठिकाण शोधायचं आणि आजचा फोटो लावायचा. दोन म्हातारे सोबत असले तर जास्त चांगलं, कारण एक म्हणते गिरणी या कोपऱ्यावर होती आणि दुसरं म्हणते नाही बाप्पा त्या कोपऱ्यावर, आणि या भांडणातूनच खरी माहिती बाहेर येते. निकाल लावायला जाऊ नका, कागदावर दोन्ही लिहा. रस्त्यात बसायच्या जागा आधी पाहून ठेवा, देवळाचा ओटा, ओळखीचं दुकान, आणि बाथरूम कुठे आहे ते पण, यावरून कितीतरी आज्या येत नाहीत आणि लाजून कारण सांगत नाहीत.

लांबच्या जागी न्यायचं असेल तर मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम घ्या, ज्यांनी छिंदवाड्याच्या नाहीतर नागभीडच्या छोट्या गाडीनं प्रवास केला आहे त्यांना तिथे काही विचारावं लागत नाही, डबा पाहिला की बोलणं सुरू. अजब बंगला पण, सेंट्रल म्युझियम 1863 पासून आहे, आजीनं फ्रॉकमध्ये पाहिलेलं आणि नातवानं शाळेच्या ट्रिपमध्ये पाहिलेलं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो, 26 जानेवारी, 15 ऑगस्टसारख्या मोजक्या दिवशीच लोकांसाठी उघडतात, तेव्हा तारीख आधी विचारून घ्या आणि चढ आहे हे लक्षात ठेवा. 1817 ची लढाई त्याच टेकडीवर झाली, अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज, हे वर उभं राहून शहर दिसत असताना सांगितलं तर पुस्तकातल्यापेक्षा वेगळं पोचते.

आता रेकॉर्डिंग. यावर जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेक लोक इथेच येऊन सोडून देतात.

मोबाईल पुरेसा आहे. एअरप्लेन मोडवर टाका, बोलणाऱ्याच्या हाताभर अंतरावर उशीवर नाहीतर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि कूलर तर नक्कीच बंद, कूलरच्या आवाजात केलेलं रेकॉर्डिंग नंतर ऐकवत नाही, म्हणून हे काम पण थंडीतच करा. सुरुवातीला पोरानं स्वतःच्या तोंडानं तारीख, जागा, कोण बोलत आहे आणि कोण विचारत आहे ते सांगायचं. अर्ध्या-पाऊण तासावर नेऊ नका, म्हातारी माणसं थकलो असं सांगत नाहीत, आवाज बारीक होऊ लागला की थांबा आणि चहा करा. कानाला कमी ऐकू येत असेल तर समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला, ओरडलं की ते घाबरतात आणि हो हो म्हणून मोकळे होतात.

प्रश्न "तुमच्या आठवणी सांगा" असा कधीच नको, त्याला उत्तर नसते. वस्तू विचारा, रोजचं विचारा. मिलमध्ये असलेल्या माणसाला विचारा भोंगा किती वाजता व्हायचा, डब्यात काय न्यायचे, पगार कोणाच्या हातात द्यायचे, सायकल कुठे लावायचे. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केली आणि ती 2002 मध्ये बंद पडली, म्हणजे आपल्या शहरातल्या किती घरांची चूल शंभर-सव्वाशे वर्षं त्या भोंग्यावर चालली असेल विचार करा, आणि तिथे काम केलेली माणसं अजून आपल्या गल्लीत ओट्यावर बसलेली दिसतात. कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, घरी गेलात तर सुताची कांडी कशी भरायची ते करून दाखवायला सांगा, माग असेल नसेल, हात अजून चालतात. लहानपणी शाळेतून आल्यावर कांड्या भराव्या लागायच्या असं सांगणारी आजी पोराच्या हातात मागाचा धोटा देते तेव्हा ते जे विचारते ते तुम्हाला लिहून देता आलं नसतं.

वर्ष विचारू नका. कोणालाच वर्ष आठवत नाही आणि नाही आठवलं की ते ओशाळतात. त्याऐवजी खुंटी द्या: दीक्षेच्या आधी की नंतर? राजधानी भोपाळला गेली तेव्हा तुम्ही शाळेत होता का? एमर्जन्सीत लग्न झालं होतं का? बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा घेतली आणि दिली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यं नव्यानं झाली आणि नागपूरला असलेली मध्य प्रदेशची राजधानी गेली, ऑफिसं, फायली, माणसं सगळी भोपाळला. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात. एका घरात त्या वर्षाची आठवण म्हणजे पांढरे कपडे आणि बापाच्या खांद्यावरून पाहिलेली गर्दी, दुसऱ्या घरात म्हणजे शेजारचं कुटुंब क्वार्टर खाली करून गेलं ती. दोन्ही रेकॉर्ड करा आणि पोरांना दोन्ही ऐकवा. आणि हे लवकर करा, त्या दसऱ्याला जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत, पुढच्या वर्षी करू म्हणायची सवलत यात नाही.

म्हाताऱ्यांनी पण पोरांना विचारलं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होते. आपल्याकडे यासाठी सप्टेंबर 2023 चा पूर आहे. रात्रीतून अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठची घरं पाण्यात गेली, शाळकरी पोरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, कोणाच्या वह्या वाहून गेल्या, कोणाची गाडी. आबाजींना म्हणा तुम्ही त्यांची मुलाखत घ्या. पोरगं सांगून राहिलं आणि आबाजी विचारून राहिले असं झालं की मग नाग नदी आधी कशी होती, कोण कुठे पोहायचं, ते आपोआप निघते.

काही गोष्टी सांभाळा. पुरुष बसले की बायका बोलत नाहीत, हे प्रत्येक घरी दिसेल, आजी दारात उभी राहते आणि "त्यांनाच विचारा, मले काय ठाव" म्हणते. आजीला वेगळं, तिच्या जागेवर, स्वयंपाकघरात विचारा, सोबत काहीतरी करता करता. पुडाच्या वड्यांचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना, वडाभाताचे वडे करताना जे बोलणं होते ते खुर्चीत बसून होत नाही. सावजी रस्सा ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होतो तिथे मसाला विचारू नका, कोणी सांगणारही नाही, पण तो कोण वाटायचं, किती माणसांसाठी व्हायचा, कोणत्या दिवशी व्हायचा हे सगळं सांगतात. रेसिपी लिहायची असेल तर पोरीनं वाटी घेऊन बाजूला बसायचं आणि आजी मूठभर टाकते त्याच्या आधी ते वाटीत मोजून घ्यायचं.

आणि मोहल्ला म्हणजे फक्त आपली आळी नाही. मोमीनपुऱ्यातले मुसलमान, जरीपटक्यातले फाळणीनंतर आलेले सिंधी, गोंड घरं, उत्तर नागपुरातल्या बौद्ध वस्त्या, छत्तीसगढहून मजुरीला आलेले, सगळ्यांचं नागपूर वेगळ्या वर्षापासून सुरू होते. पोरांच्या जोड्या लावताना मुद्दाम दुसऱ्या घरचा आबाजी द्या, स्वतःचा नको. स्वतःच्या नातवाला आबाजी दटावतात, शेजारच्या पोराला गोष्ट सांगतात. भाषा जशी आहे तशी राहू द्या, हिंदी तर हिंदी, हलबी तर हलबी, उतरवून घेताना शुद्ध करू नका.

कधीकधी बोलता बोलता दुखरं काही निघते. पाणवठ्यावर काय व्हायचं, कोण घरात घेत नव्हतं, कोणत्या दंगलीत काय झालं. पोरांना आधीच सांगून ठेवा की मध्ये बोलायचं नाही, समजूत घालायची नाही, पाणी द्यायचं आणि थांबायचं. "हे लिहू नको" म्हटलं की लिहायचं नाही, रेकॉर्डिंगमधला तेवढा भाग त्यांच्यासमोर काढून टाकायचा. ग्रुपवर, इन्स्टावर टाकायच्या आधी त्यांना दाखवून विचारायचं आणि घरच्यांना पण, एकदा हो म्हणाले म्हणून सगळ्याला हो असं धरायचं नाही.

जुने फोटो घरी नेऊ नका, तिथेच काढा. चिकटवलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढला की फाटतो, पानासकट खिडकीजवळ सावलीतल्या उजेडात ठेवून, फ्लॅश बंद करून, सरळ वरून फोटो घ्या. मागे काही लिहिलं असेल तर त्याचाही. मग लगेच तिथेच बसून फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून उजवीकडे विचारून फाईलच्या नावात टाका, ठिकाण आणि अंदाजे काळ पण, घरी जाऊन करू म्हटलं की ते राहून जाते आणि मग चेहरेच उरतात, नावं नाही.

हे सगळं दाखवायला वेगळा हॉल घ्यायची गरज नाही, गणपतीच्या मंडपाची एक बाजू पुरते. पोरांनी काढलेला नकाशा मोठा करून लावा, बाजूला पेन बांधून ठेवा आणि लोकांना त्यावर लिहू द्या, दहा दिवसांत तो नकाशा दुप्पट भरतो, कारण दर्शनाला आलेला प्रत्येक जण आपलं घर शोधतो. आवाज ऐकवायचा असेल तर दोन-तीन मिनिटांचे तुकडेच ठेवा. विसर्जनानंतर सगळ्या फाईली कमीत कमी दोन पेनड्राईव्हवर आणि एका ऑनलाईन ड्राईव्हवर टाका, एकाच पोराच्या मोबाईलमध्ये राहू देऊ नका, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी त्यांची कॉपी सगळ्यात आधी द्या, ती लावून कशी ऐकायची ते घरातल्या लहानातल्या लहान पोराला शिकवून या.